मापाची सायकल

सायकल घ्यायला गेलेल्या गिऱ्हाईकाला दुकानात पहिला प्रश्न बजेटचा विचारतात. चालवणार कोण, कुठे आणि सोबत ओझं काय, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. हा उलटा क्रम मला फार खटकतो, कारण आपल्याकडे सायकल टिकली ती याच तीन प्रश्नांच्या जोरावर.

28 इंची चाकांची ती काळी सायकल आठवा. घडण मूळची इंग्लंडची, पण मातीच्या रस्त्यांना ती मानवली. पुढचा चिमटा झुकता, दोन चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे खड्ड्याचा हादरा अंगापर्यंत येताना बोथट होतो. चेन पूर्ण झाकलेली, म्हणून धोतराचा सोगा किंवा पायजमा अडकत नाही. फ्रेम वाकली तर गावातला वेल्डिंगवाला सरळ करून देतो. तिचे दोषही ठळक आहेत: अंगची जड, आणि लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही.

तिच्यावर खरं काम केलं ते हातावर पोट असलेल्यांनी. दूधवाल्याने मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आकडे लावून कॅन टांगले. 40 लिटरचा भरलेला कॅन 40 किलोच्या वर जातो. तेवढं वजन कॅरिअरवर उंच ठेवलं तर वळणावर सायकल कलंडेल. आसाजवळ खाली टांगलं की तीच सायकल स्थिर चालते. गोव्यातल्या पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, उलट आहे. पाव हलका, पण जागा खाणारा; म्हणून कॅरिअरवर भलीमोठी टोपली, तीवर प्लास्टिकचं आच्छादन आणि हँडलला भोंगा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा तर सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी पायडल मारतो आणि चाकावरून नेलेल्या पट्ट्याने सहाणेचा दगड फिरवतो. या कारागिरीचे आराखडे कुणी काढले नाहीत. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आणि त्याचं गिऱ्हाईक यांनी मिळून ती घडवली, आणि माझ्या मते आपल्या सायकलींच्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं पान आहे.

बायकांच्या वाट्याला मात्र फार काळ एकच उत्तर आलं: लेडीज सायकल. मधली दांडी खाली आणली, मागच्या चाकावर जाळी बसवली, साडी-ओढणीची सोय झाली. दांडी खाली आली की फ्रेमचा भक्कम त्रिकोण मोडतो, म्हणून नळ्या जाड कराव्या लागतात आणि वजन वाढतं. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात 1991च्या सुमारास साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिलं आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं. त्यातल्या काही जणींनी मुद्दाम जेंट्स सायकल पसंत केली, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येत होतं! गरज काय आहे ते चालवणारीलाच ठाऊक असतं.

महाराष्ट्रात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. योजना मोलाची आहे. पण आठवीतली आणि बारावीतली मुलगी एका उंचीची नसते. सायकली वाटण्याच्या दिवशी शाळेने एका मेकॅनिकला बोलवावं आणि प्रत्येकीची सीट तिच्या मापाने लावून द्यावी. काम पाच मिनिटांचं, पण त्याने गुडघ्यांचा त्रास टळू शकतो.

ते माप अवघड नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट फार खाली असली तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते, फार वर असली तर मागची. हात बधिर होत असतील तर हँडल लांब किंवा खाली आहे. मुलांसाठी आपण कपडे घेतो तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतो. ही सवय सोडायला हवी. ज्या सायकलवरून पाय टेकत नाहीत, तिची धास्तीच बसते. लहानग्याला शिकवताना दोन्ही पायडलं काढून ठेवा आणि पायांनी जमीन रेटत तोल सापडू द्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढं पाना लावताना लक्षात असू द्या.

गिअरचं आकर्षण मोठं आहे. सपाट गावात रोज चार किलोमीटर जाणाऱ्याला त्यांची गरज नाही. काळ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत ती सुमारे 5.5 मीटर जाते. मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर सुमारे 4.5 मीटर, आणि तीच चढण बरीच हलकी होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसासाठी एवढा बदलही पुरे. घाट चढायचे असतील तर मात्र गिअर हवेतच. स्वस्त सायकलींच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते घेऊ नये. वजन वाढतं, चढावर जोर दांड्यात जिरतो. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा, हा खडबडीत रस्त्यावरचा चांगला उपाय.

सर्वांत कमी लक्ष गेलंय ते अपंग चालकांकडे. हाताने फिरवायची तीनचाकी कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी बनवते, आणि तिने अनेकांना घराबाहेर काढलं. पण ज्याचा एकच गुडघा वाकत नाही, त्याला त्या बाजूचा क्रँक आखूड करून साधी सायकल चालवता येते. एका हाताने चालवणाऱ्यासाठी एकाच लिव्हरवर दोन्ही ब्रेक जोडता येतात. मेकॅनिकला हे सांगणारं कुणी हवं.

या दिवाळीत घरातल्या कुणासाठी सायकल घेणार असाल, तर त्या माणसाला दुकानात सोबत न्या. रोजची चप्पल किंवा बूट पायात असू द्या, रोजचं दप्तर किंवा पिशवीही घ्या, आणि सीट मापाने लावून एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका.