झरपटच्या काठाने, लालपेठपर्यंत

ताडोबाचे पाहुणे चंद्रपूरला उतरतात, जिप्सीची वेळ गाठतात आणि निघून जातात. या शहराला गोंड राजांचा परकोट आहे, त्याच्या एका अंगाला इरई वाहते, दुसऱ्या अंगाला झरपट, आणि परकोट ओलांडला की कोळशाच्या खाणी लागतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही. एका दिवसात हे सगळं पायी पाहून होतं. यंदाच्या थंडीत आम्ही चौदा जण चाललो. गटानेच जायचं, कारण नदीकाठच्या आणि जुन्या खाणींच्या झुडपांत रानडुक्कर असतं, बिबट असतो, कधी वाघही.

सकाळी साडेसहाला परकोटाच्या जटपुरा दरवाज्यातून निघालो. दरवाज्यावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचं चिन्ह. राजा खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी इथे आणली, त्याची दंतकथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे: अंगभर गाठी आलेल्या राजाला झरपटच्या पाण्याने गुण आला, आणि पुढे याच परिसरात एक ससा उलटून राजाच्या कुत्र्यामागे लागला. ज्या वाटेने ससा धावला, तीच परकोटाची आखणी.

काही वर्षांपूर्वी या परकोटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बुरुजांवर वडा-पिंपळाची मुळं, पायऱ्यांवर कचरा. १ मार्च २०१७ला इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी फावडी-घमेली उचलली आणि रोज सकाळी थोडं थोडं करत भिंत मोकळी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. आम्ही ज्या वाटेने चाललो ती त्या पोरांच्या घामाची आहे, हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

बिनबा दरवाज्याकडून पठाणपुऱ्याकडे जाताना उजवीकडे इरई दिसते. नदी म्हणून पाहिलं तर जीव हळहळतो. वरच्या अंगाला धरण आहे. त्याचं पाणी शहराला आणि २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. धरणाच्या खाली उघड्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर काठाला टेकलेत. दर पावसाळ्यात ती माती पात्रात उतरते, पात्र उथळ होतं, आणि वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी मागे फिरून पठाणपुऱ्याच्या वस्त्यांत शिरतं. २०१३ आणि २०२२चा पूर इथल्या लोकांच्या तोंडून ऐकावा. पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

इरई आणि झरपटचा संगम दक्षिणेला आहे. तिथून झरपट धरून वर यायचं. राजाला बरं करणारी ती झरपट जलपर्णीखाली गुदमरली आहे. काठावर अचलेश्वर मंदिर, राणी हिराईने बांधलेली पतीची, बीरशहाची समाधी आणि महाकालीचं देऊळ. चैत्र पौर्णिमेला मराठवाड्यातून हजारो भाविक येतात आणि याच पाण्यात उतरतात. निदान त्यांच्यासाठी तरी नदी स्वच्छ हवी.

दुपारी लालपेठ कॉलरीच्या बाजूला शिदोऱ्या सोडल्या. आमच्यातले एक काका भूमिगत खाणीतून निवृत्त झालेले. त्यांनी चटणी-भाकरीचा घास घेत खालचा नकाशा मातीत काटकीने काढला: मधे कोळशाचे चौकोनी पिलर सोडायचे, भोवती गॅलऱ्या खोदायच्या, काम संपलं की पोकळीत पाण्याबरोबर नदीची वाळू भरायची. “वाळू नीट भरली तर वरचं छत बसत नाही,” काका म्हणाले, “नाही भरली तर मग घुग्घुस होते.” सगळे गप्प झाले. २०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली.

या खाणींतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. भूशास्त्रज्ञ अशा थरांना ‘गोंडवाना’ म्हणतात, आणि ते नाव गोंडांच्या भूमीवरून पडलं. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आपल्याशी जोडलेले होते त्या महाखंडालाही तेच नाव. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

जवळच रायप्पा नावाच्या वैश्याने सुरू केलेलं अपूर्ण देवालय आहे. देऊळ नाहीच, नुसत्या उघड्यावरच्या मूर्ती: शिवलिंग, गणपती, नंदी, मासा, कासव, आणि सुमारे पंचवीस फुटांची दशमुखी दुर्गा. गावात कुणी तिला रावणही म्हणतात. रायप्पा गेला आणि काम थांबलं, असं सांगतात. मी गुडघ्यावर बसून दगड जवळून पाहिला. छिन्नीच्या तिरप्या, बोटभर ओळी तशाच आहेत, एका बाजूला दाट, पुढे विरळ, आणि मग कोरा दगड. काकांनी त्या ओळींवरून अंगठा फिरवला. “आमच्या गॅलरीच्या भिंतीवरही गैतीचे असेच वण असत,” म्हणाले.

साडेचारला उठलो. परतीला लालपेठहून ऑटो मिळतो.