सतरा शतांश मिलिमीटरचा हिशेब

बीडच्या कंकालेश्वरापासून परळीच्या वैद्यनाथापर्यंत नकाशावर एक सरळ रेघ मारा. त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा, पण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी तिरकी. हवाई अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर कापून परळीला पोचेपर्यंत दोन रेघांमध्ये फट पडते ती 23 मीटरची. हाच कोन 100 मीटरवर 29 मिलिमीटर भरतो. रायफल किती अचूक, हे जगभर याच मापाने मोजतात; नेमबाजांच्या तोंडी त्याचं नाव ‘एमओए’.

आता हाच कोन रायफलवर बसवू. नळी साठ सेंटिमीटर लांब धरली, तर तिचं तोंड 0.17 मिलिमीटर हललं की 100 मीटरवर गोळी 29 मिलिमीटर बाजूला जाते. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर त्यांची जाडी साधारण एवढीच भरेल.

एवढंसं अंतर राखायचं तेही कसल्या धुमश्चक्रीत! .30-06 सारख्या काडतुसाचा बार उडतो तेव्हा नळीच्या मागच्या टोकाला दाब चढतो तो वातावरणाच्या सुमारे चार हजार पट. गोळी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात बाहेर पडते. नळीतल्या आट्या दर दहा इंचांना एक फेरा देणाऱ्या असतील आणि वेग सेकंदाला 800 मीटर असेल, तर बाहेर पडलेली गोळी मिनिटाला 1 लाख 89 हजार फेऱ्यांनी गरगरत असते. त्या क्षणी नळी थरथरते, दस्ता दबतो, पेच ताणले जातात. बंदुकांचा कारागीर अचूकतेचं काम करतो ते या थरथरीला शिस्त लावण्याचं. दस्त्यात रायफल पक्की बसवायची (बेडिंग), नळी दस्त्याला कुठे घासू द्यायची नाही, नळीच्या तोंडाची कड एकसारखी करायची, चाप हलका आणि स्वच्छ सुटेल असा करायचा. चांगल्या हाताखाली 100 मीटरवर 9 सेंटिमीटरांत गोळ्या टाकणारी रायफल 3 सेंटिमीटरांत टाकू लागते. तिप्पट सुधारणा! पण ती लाभते कोणाला?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला नक्की लाभते. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत 60 गोळ्यांत 600 पैकी 590 गुण होते, आणि एवढ्यावर तो सातवा आला होता! त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं. गोळी 5.6 मिलिमीटरची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य फार तर 8 मिलिमीटर सरकला तर चालतो. नळीच्या तोंडाशी याचा अर्थ एक दशांश मिलिमीटर. इथे माणूस आणि हत्यार जवळपास तोलामोलाचे असतात, म्हणून या पातळीवरचे नेमबाज नळी शिकंज्यात आवळून काडतुसांचे लॉटसुद्धा पारखून घेतात.

बीडमधलं चित्र वेगळं. हौसेची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायचं तर वन खात्याची परवानगी लागते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर 2024 मधल्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा चर्चेत आला: बाराशेहून अधिक. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती, म्हणजे दर दोन हजार माणसांमागे साधारण एक परवाना. त्यात रायफलवाला एखादा शेतकरी परवानगीचा कागद खिशात घालून भुईमुगाच्या कडेला बसला आहे असं धरू. त्याने कारागिरावर खर्च करावा का?

उत्तर शाळेतल्या पायथागोरसकडे आहे. हाताची चूक आणि रायफलची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोघींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं. उभ्याने, आधाराविना 100 मीटरवर आपल्या शेतकऱ्याचा हात 30 सेंटिमीटर पसरतो असं समजा. रायफल 9 सेंटिमीटरवाली. एकूण पसारा 31.3. आता कारागिराकडून तीच रायफल 3 सेंटिमीटरवर आणली. एकूण पसारा 30.1. रायफल तिप्पट सुधारली, निकाल जेमतेम चार टक्क्यांनी!

उलट रायफलला हात न लावता वाळूचं पोतं बांधावर ठेवलं, त्यावर रायफल टेकवली आणि हाताची चूक 12 वर आली, तर 9 चा वर्ग 81, 12 चा 144, बेरीज 225, वर्गमूळ 15. पसारा थेट निम्मा. डुकराची काळीज-फुप्फुसाची जागा असते वीतभर. 31 सेंटिमीटरचा पसारा तिच्यात मावत नाही, 15 चा मावतो. पोतं वापरून वर कारागीरही केला तर आकडा 12.4 होतो. कारागिराच्या पैशाचं मोल इथून पुढे सुरू होतं.

पळत्या जनावरावर तर सगळा हिशेबच उधळतो. ताशी 40 किलोमीटरने पळणारा रोही सेकंदाला 11 मीटर कापतो. 100 मीटर जायला गोळीला सेकंदाचा सातवा-आठवा भाग लागतो. तेवढ्यात तो दीड मीटरभर पुढे गेलेला असतो. मनात आल्यापासून चाप ओढेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग गेला, त्याचे आणखी दोन मीटर. साडेतीन मीटरच्या चुकीपुढे कारागिराने वाचवलेले 6 सेंटिमीटर कुठे शोधायचे?

आणि चुकलेली गोळी हवेत विरत नाही. .30-06 सारखी गोळी उंच कोनातून सुटली तर चार किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. बीड जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरचा, गावं साडेतेराशेच्या आसपास. दर गावाच्या वाट्याला आठ चौरस किलोमीटर, म्हणजे एका गावापासून दुसरं सरासरी तीन किलोमीटरच्या आत. मध्ये वस्त्या, उसाच्या फडाशेजारी कोप्या. मागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड नसेल तर बार टाकूच नये, रायफल कितीही नेटकी असो.

तरी कधीकधी दोष खरोखर रायफलमध्येच असतो. पेच ढिले, माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) सरकलेली, नळीचं तोंड ठेचाळलेलं. मग पसारा 9 चा राहत नाही, 25-30 वर जातो, आणि अशा वेळी दुरुस्ती फिटून उरते. ते ओळखायचं कसं? तीन गोळ्या झाडून ठरवू नका. तीन-तीन गोळ्यांचे दोन गट एकाच रायफलीतून, एकाच हाताने टाकले तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट निघण्यात नवल नाही. शिवाय गोळ्या वाढल्या की गट फुगतो: दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा. म्हणून मान्यताप्राप्त रेंजवर, पोत्यावर टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे पाच गट टाका. 25 काडतुसं जातील, पण आकडा भरवशाचा मिळेल.

पोत्यावरचा पसारा दहा-बारा सेंटिमीटरांत असेल तर कारागिराचे पैसे राखा आणि तेवढ्याच्या काडतुसांवर सराव करा. तो वीस-पंचवीसच्या पुढे गेला तर आधी पेच आवळा, माशी तपासा, दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातून झाडून बघा. तरीही आकडा हलला नाही, तर परवानाधारक कारागिराकडेच जा. नळी आखूड करून घेण्याचा विचार मात्र मनातही आणू नका, 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 6 त्यासाठी वेगळा परवाना मागतं. जाताना रायफलीबरोबर पाच गटांचे ते पाच कागदही न्या. ते पाहून काम नाकारणारा कारागीर भेटला, तर पुढच्या कामाला त्याच्याकडेच जावं.