पहिल्या मॅरेथॉनच्या पाठोपाठ दुसरी

पनवेल शहरालगत गाढी नदीच्या काठी सिडकोने वसविलेल्या करंजाडे वसाहतीत अलीकडे पहाटे धावणाऱ्या मंडळींपुढे दरवर्षी हिवाळ्यात एक प्रश्न हटकून उभा राहतो. वसई-विरारची मॅरेथॉन डिसेंबरात, बहुधा दुसऱ्या रविवारी, होते आणि मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. मध्ये जेमतेम पाच-सहा आठवड्यांची मुदत उरते. ज्याने वसई-विरारला आयुष्यातील पहिले ४२.१९५ किलोमीटर पुरे केले, त्याने इतक्या लवकर, पदकासाठी नव्हे की वेळ सुधारण्यासाठीही नव्हे, केवळ त्या आनंदाची पुन्हा एकदा प्रचीती घ्यावी म्हणून मुंबईला उभे राहावे काय? घरची वडीलधारी मंडळी ‘जीव घालवशील’ म्हणून ताकीद देतात, तर सोबतचे धावक ‘एकदा झाली की दुसरी सोपीच’ म्हणून भरीस घालतात. माझ्या मते ही दोन्ही मते सारखीच निराधार आहेत, आणि म्हणून दोहोंचा विचार सविस्तर करणे अगत्याचे आहे.

जीव जाण्याच्या भयाचे मूळ एका दंतकथेत आहे. मॅरेथॉनच्या रणभूमीवरून अथेन्सला विजयवार्ता घेऊन धावलेला दूत निरोप सांगून गतप्राण झाला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या युद्धाचा सर्वांत जुना विस्तृत वृत्तांत लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथात ती नाही. तेथील दूत अथेन्सहून स्पार्टाला मदत मागावयास जातो, म्हणजे कितीतरी अधिक अंतर धावतो, आणि धावून मेल्याचा उल्लेख नाही. मृत्यूची कथा काही शतकांनंतरच्या लेखकांची आहे. तीच गत गुडघ्यांची. ‘धावून धावून वाट्या झिजतात’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक संशोधनांच्या एकत्रित परीक्षणात गुडघा व खुबा यांच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. हौसेने केलेल्या परिश्रमाला सांधे घाबरत नाहीत, एवढे यावरून म्हणता येते; मात्र ज्याचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्याला या आकड्यांनी अभय मिळत नाही. आणि हे काम परदेशी देहाचे, आपल्या माणसाला न झेपणारे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे स्मरण करावे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावा क्रमांक पटकावला होता.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण खरा धोका तिकडे अधिक आहे. शर्यतीनंतर दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचे खापर ‘लॅक्टिक ॲसिड’वर फोडण्याचा प्रघात आहे, आणि चौथ्या दिवशी दुखणे ओसरले की ॲसिड गेले, शरीर पूर्ववत झाले, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः रक्तात वाढलेले लॅक्टेट श्रम थांबल्यावर साधारण तासाभरातच मूळ पातळीवर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारी वेदना ही स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची आणि तिच्या दुरुस्तीसाठी शरीराने आरंभिलेल्या दाहाची असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता अशा इजेच्या खुणा शर्यतीनंतर आठवडाभरानेही आढळल्या आहेत. म्हणजे वेदना मावळते ती दुरुस्ती पुरी होण्याच्या कितीतरी आधी. जो धावक दुखणे थांबल्याच्या दुसऱ्याच रविवारी पळस्पे फाट्यावरून शिरढोणमार्गे कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत लांब पल्ला मारण्यास निघतो, त्याची चूक चढात नसून उतारात आहे. कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि तंतूंची सर्वांत अधिक हानी याच क्रियेत होते. पहिल्या शर्यतीनंतर निदान तीन आठवडे अशा उताराला रजा द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

‘दर मैलास एक दिवस’, म्हणजे सव्वीस दिवस जोराच्या धावण्याला विश्रांती, असा एक जुना शिरस्ता धावकांत चालत आला आहे. तो अनुभवातून आलेला अंदाज आहे, शास्त्राचा नियम नव्हे. परंतु पाच-सहा आठवड्यांच्या अवकाशात तो बरोबर बसतो. पहिला आठवडा केवळ चालण्याचा, पुढील दोन आठवडे हलक्या व क्रमाने वाढणाऱ्या धावण्याचे, त्यानंतर एकदाच वीस-बावीस किलोमीटरची संथ धाव, आणि शेवटचे दोन आठवडे पुन्हा उतरते. इतक्या विश्रांतीने कमावलेला दम वाया जाईल ही भीती अनाठायी आहे. दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीने तो फारसा घटत नाही, उलट स्नायूंतील ग्लायकोजेनचा रिता झालेला साठा भरून येण्यास कधीकधी आठवडाही लागतो, आणि भात-भाकरीसारख्या पिष्टमय अन्नावाचून तो भरत नाही.

पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत साठ दिवसांत साठ मॅरेथॉन धावून गिनेस विक्रम केला, हा दाखला भरीस घालणारे हमखास देतात. तो पराक्रम माझ्या मनात नितांत आदराचा आहे. परंतु त्यामागे अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींची वर्षानुवर्षांची साधना होती, आणि नवख्याने त्यावरून स्वतःचे मोजमाप करणे अयोग्य होय. एमिल झाटोपेकने १९५२ साली हेलसिंकी येथे आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन जिंकली तीही पाच व दहा हजार मीटरच्या सुवर्णपदकांनंतर त्याच आठवड्याभरात; पण तेथेही मागे अपार सराव होता.

पाण्याविषयीचा गैरसमज मात्र थेट आनंदासाठी धावणाऱ्याच्याच मुळावर येतो. ‘तहान लागो न लागो, प्रत्येक टेबलावर पाणी प्या’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांची रक्ततपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. आणि शर्यतीत पाणी पिऊन वजन वाढलेले, तसेच चार तासांहून अधिक वेळ रस्त्यावर राहिलेले धावक त्यात अधिक होते. सावकाश धावणाऱ्याला पिण्यास सवड भरपूर, घाम तुलनेने कमी. म्हणून जलदगती धावपटूपेक्षा त्यानेच अधिक सावध राहावयाचे. मुंबईच्या दमट हवेतही तहान हाच विश्वासू पंच समजावा. पहिल्या शर्यतीचे उरलेले दुखणे दाबण्यासाठी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची प्रथाही तशीच घातक आहे: आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या श्रमाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात, आणि ज्या वेदनेने थांबण्याचा इशारा द्यावयाचा तिलाच मुकी करतात. ताप किंवा छातीचा खोकला असेल तर नाव नोंदविलेले असूनही बेत तहकूब करावा.

राहता राहिला चालण्याचा प्रश्न. मॅरेथॉनमध्ये चालणे म्हणजे पराभव, असे पहिल्या शर्यतीत जिद्दीने मानलेले असते. नियमांत चालण्यास मनाई नाही. अंतर स्वतःच्या पायांनी आणि मुदतीत पुरे झाले पाहिजे, इतकेच. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ अखेरच्या टप्प्यात येतो, ज्या वेळी सहा आठवड्यांपूर्वी दुखावलेले स्नायू पुन्हा तक्रार करू लागलेले असतात. तेथे निःसंकोच चालावे, चढ संपल्यावर उतार लहान पावलांनी, पाय अंगाखालीच पडतील अशा बेताने उतरावा, आणि घड्याळ मनगटावरून काढून आधीच घरी करंजाड्यास ठेवलेले असावे.