विश्लेषण : पाळी बदलते, झोप उडते… कामगारांचे मन का थकते?

चाकण, वाळूज, अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे चोवीस तास चालतात. ती चालवणाऱ्यांच्या झोपेची वेळ मात्र पाळीप्रमाणे बदलत राहते.

फिरत्या पाळीने काय होते?
शरीराचे घड्याळ उजेड-अंधारावर चालते. रात्रपाळीनंतर दिवसा झोपताना उजेड आणि गोंगाटामुळे झोप तुटते. नव्या वेळेची सवय होते न होते तोच पाळी बदलते. मग चिडचिड, विसराळूपणा वाढतो. काही जण दारूचा आधार घेतात. प्रेस मशीनवर क्षणाची डुलकीही बोटांवर बेतू शकते.

कामगार बोलत का नाहीत?
कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ मिळण्याची भीती, तर कायम कामगाराला ‘वेडा’ या शिक्क्याची. त्यामुळे डोकेदुखी, अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन काम सुरूच राहते. मूळ दुखणे तसेच राहते.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचार मिळणे आणि त्याबाबतची माहिती गोपनीय राहणे हा हक्क आहे. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ‘ईएसआय’च्या कक्षेत येतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि पात्रता असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

मदत कुठे मिळेल?
केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो. मराठीतूनही बोलता येते. दोन आठवडे झोप, भूक बिघडलेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सुट्टीची वाट न पाहता फोन करावा.