भिंतीवरचं कपाट घरीच बसवायचंय? आधी भिंत ओळखा

स्वयंपाकघरात ओट्यावर एखादं तयार कपाट लावायचं, तर एवढ्याशा कामाला कारागीर लवकर येत नाही आणि आला तर मजुरी जड जाते. हे काम आपण घरी करू शकतो. मात्र भांड्यांनी भरलेलं कपाट डोक्यावर कोसळलं तर वाचवलेले पैसे दवाखान्यात जातील. म्हणून घाई नको.

भिंत कसली आहे?
कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी लहान भोक पाडून पाहा. लाल भुकटी आली तर विटांची भिंत, काम सोपं. ड्रिल अडखळत जाऊन करडी, कठीण भुकटी आली तर काँक्रीट. तिथे हॅमर ड्रिलच लागतं. पांढुरकी, हलकी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक. त्यात हॅमर बंद ठेवायचा आणि त्याच ब्लॉकसाठी मिळणारे लांब प्लग वापरायचे. ओल आलेल्या किंवा पोपडे सुटलेल्या भिंतीवर कपाट लावूच नका.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत वायर असू शकते. नळाच्या रेषेत पाइप असतो. या रेषा सोडून भोक पाडा आणि त्या भिंतीतल्या वायरिंगचा एमसीबी बंद ठेवा. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.

स्क्रू किती लांब?
इथेच बहुतेकांचं चुकतं. प्लास्टरला वजन पेलवत नाही, पकड विटेत हवी. कपाटाच्या मागची पट्टी 18 मिमी, प्लास्टर साधारण 15 मिमी आणि विटेत किमान 40 मिमी, असा हिशोब केला तर 75 मिमीचा, म्हणजे तीन इंची स्क्रू लागतो. भोक 8 मिमीच्या बिटने सुमारे 65 मिमी खोल पाडा. खोली कळावी म्हणून बिटला चिकटपट्टी गुंडाळा. भुकटी झाडून गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा प्लग, विटेपर्यंत आत ठोका.

बसवायचं कसं?
ओट्यापासून 18 ते 24 इंच वर पाणसळ धरून सरळ रेघ मारा. त्या रेघेखाली एक लाकडी पट्टी तात्पुरती ठोका. कपाटाची दारं आणि फळ्या काढून टाका, वजन बरंच कमी होतं. दोघांनी मिळून कपाट पट्टीवर टेकवा, मागच्या जाड पट्टीतून भोकांच्या खुणा करा, खाली उतरवा, मग ड्रिल करा. पातळ पाठीच्या प्लायमधून स्क्रू मारू नका, तो फाटून येतो. वर दोन आणि खाली दोन स्क्रू हवेतच, रुंद कपाटाला जास्त. ड्रिल करताना चष्मा आणि मास्क विसरू नका.

पट्टी काढण्याआधी कपाट हाताने खाली ओढून पाहा. जरा जरी हललं, तरी स्क्रू काढून जागा बदला. पिठाचे, तांदळाचे मोठे डबे खाली ओट्याजवळच ठेवा, वर हलकी भांडी. शेगडीच्या डोक्यावर लाकडी कपाट नको.

घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. आणि भिंत कसली ते कळलंच नाही, तर तेवढ्यापुरता कारागीर बोलवावा, त्यात कमीपणा नाही.