घर, भाषा आणि वेगळेपण : लॅटिनो साहित्यातील एक पेच

समलिंगी नायकाची कथा पाश्चात्य साहित्यात पुष्कळदा घर सोडण्याची कथा म्हणून सांगितली गेली आहे. गाव संकुचित, महानगर उदार. म्हणून निघून जाणे हीच मुक्ती, असे तिचे गृहीतक असते. अमेरिकेतील लॅटिनो लेखकांना मात्र हे गृहीतक सरळपणे स्वीकारता येत नाही. देशांतर केलेल्या कुटुंबाला घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. मागे राहिलेला देश भाषा, अन्न, सणवार आणि श्रद्धा यांच्या रूपाने त्या घरातच काय तो उरलेला असतो. अशा घराचा त्याग करणे म्हणजे एका अर्थी दुसऱ्यांदा निर्वासित होणेच होय.

जॉन रेची यांच्या ‘सिटी ऑफ नाइट’ (1963) या कादंबरीत हा पेच प्रथम ठळकपणे दिसतो. तिचा नायक टेक्ससमधील एल पासो सोडून न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, न्यू ऑर्लीन्स अशा शहरांतून भटकतो आणि अखेर एल पासोलाच परततो. येथे वासना एका भूगोलात वसते आणि घर दुसऱ्या. दोहोंना जोडणारी भाषा नायकापाशी नाही. कादंबरीची अस्वस्थता या दुभंगातून उपजते.

ही भाषा शोधण्याचे काम पुढे शेरी मोरागा आणि ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी केले. 1981 साली दोघींनी मिळून ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हा संग्रह संपादित केला. मोरागांच्या ‘लव्हिंग इन द वॉर इयर्स’ (1983) मध्ये मालिंचेची स्मृती मध्यवर्ती आहे. मालिंचे ही सोळाव्या शतकातील स्पॅनिश सेनानी कोर्तेस याची दुभाषी. मेक्सिकोच्या लोकस्मृतीत ती विश्वासघातकी ठरली. पुरुषाला अग्रस्थान न देणाऱ्या स्त्रीवर समाज हाच शिक्का मारतो, असे मोरागा दाखवून देतात. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री म्हणजे केवळ कुलाचाराचा नव्हे, तर वंशाचाच द्रोह करणारी, असा हा आरोप. तो इतका जिव्हारी का लागतो, हे त्यामागील इतिहास जाणल्यावाचून कळत नाही.

आन्साल्दुआ यांचे घराणे तर रूढार्थाने स्थलांतरितही नव्हते. दक्षिण टेक्ससमध्ये ते पिढ्यानपिढ्या राहत होते. माणसे होती तेथेच राहिली, पण 1848 च्या तहाने सीमा सरकली. ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा’ (1987) या ग्रंथात त्या इंग्रजी व स्पॅनिश यांची मिसळ करतात, आणि स्पॅनिश मजकुराचे भाषांतर पुष्कळ ठिकाणी देत नाहीत. हा शैलीचा विलास नव्हे. सीमेवर जगणाऱ्या व्यक्तीला एका भाषेत पूर्ण मावता येत नाही, या अनुभवाचे ते रूप आहे. ‘होमोफोबिया’ या शब्दातील ‘होम’वर त्या मार्मिक श्लेष साधतात. घरी परतण्याचे भय, असा अर्थ त्यातून निघतो, आणि सारा पेच त्यात सामावतो.

रिचर्ड ब्लांको यांच्या लेखनात हा पेच अधिक कौटुंबिक व सौम्य होतो. क्यूबा सोडलेल्या आईच्या पोटी 1968 साली माद्रिदमध्ये जन्मलेला हा कवी मायामीत वाढला. ‘आमेरिका’ या त्यांच्या कवितेत घरातील मुलाला अमेरिकन सणासाठी टर्की हवी असते, तर कुटुंबाच्या ताटातून डुकराचे मांस सुटत नाही. त्यांच्या आठवणींत आजी हे प्रमुख पात्र आहे. क्यूबाची स्मृती ती जपते आणि नातवाचे पुरुषी वळण नीट राहावे म्हणून त्याला सतत टोकतेही. ज्या मुखातून संस्कार लाभला, त्याच मुखातून निषेधही आला. एकाचा अव्हेर करावा तर दुसराही हातचा जातो. हाच कवी 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत काव्यवाचन करणारा पहिला लॅटिनो, पहिला स्थलांतरित आणि उघडपणे समलिंगी असलेला पहिला कवी ठरला. राष्ट्राने त्याला जाहीरपणे आपले म्हटले. तथापि घराने आपले म्हणणे ही गोष्ट वेगळी, आणि कदाचित अधिक कठीण.

या साहित्याकडे केवळ बंडाचे साहित्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्यात कुटुंबाशी भांडण आहे. पण ते कुटुंबात राहू इच्छिणाऱ्याचे भांडण आहे. घर आणि स्वत्व यांपैकी एकाची निवड करा, ही मागणीच ते नाकारते. त्याचे वाङ्मयीन मोल या नकारात आहे.