दहा बोटांची ओळख

लहानपणी सोलापुरात रात्रीची जेवणं उरकली, की आमची आपा आम्हा भावंडांची बोटं दिव्यापाशी धरून चक्रं मोजायची. ज्याच्या दहाही बोटांवर चक्र, तो राजा होणार, हे तिचं शास्त्र. माझी दोनच निघाली, तेव्हा राज्य काही मिळालं नाही. आपा विड्या वळायची. अम्मा लवकर गेली, आणि आपाच्या त्या विड्यांवर मी बी.ए. झालो.

गेल्या वर्षी तिच्या जर्मनीतल्या मुलाने आम्हा दोघांना बोलावलं. मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रात आमचा नंबर आला. आता तिथे शाईचा पॅड नसतो. एका काचेवर आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे ठेवायचे. समोरच्या कॅमेऱ्याकडे बघायचं, की झालं. माझं काम मिनिटात उरकलं. आपाचे ठसे मात्र उमटेनात. चाळीस वर्षं पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. काउंटरवरची मुलगी सांगत होती, "पुसा, पुन्हा ठेवा, जरा दाबा." तिसऱ्या वेळेला आपाने घरच्या बोलीत मला हळूच विचारलं, "बाबू, मी काही गुन्हा केलाय का रे?"

तिचा प्रश्न खुळा नव्हता. साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्यापासून तिने अंगठा उठवणं सोडलं होतं. आपल्याकडे अंगठा म्हणजे निरक्षर, आणि दहा बोटं म्हणजे पोलीस चौकी. मग सही येणाऱ्या, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बाईकडे बोटं का मागायची? तिला उत्तर द्यायचं म्हणून मी थोडं वाचलं. ते आज तुम्हाला सांगतो.

ही पद्धत जन्मली आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई या माणसाला दिला. सही आपली नाहीच, असं त्याने उद्या म्हणू नये, म्हणून करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. म्हणजे सुरुवात गुन्ह्यापासून झाली नाही. ती अविश्वासापासून झाली.

पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय निघालं. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, ही अडचण सोडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. दहा बोटांपैकी कुठल्या बोटावर चक्र आहे आणि कुठल्यावर नाही, एवढ्यावरून त्यांनी १०२४ कप्पे पाडले. आमच्या आपाचंच शास्त्र, पण हिशेबात बसवलेलं! पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. १९०१ मध्ये ती स्कॉटलंड यार्डात गेली, आणि बोटांचा ठसा व गुन्हेगार ही जोडी लोकांच्या मनात पक्की झाली.

आपाला आलेली शरम दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसांनाही आली होती. १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या हिंदी लोकांकडून सक्तीने दहा बोटांचे ठसे घ्यायचं ठरवलं. गांधीजींचा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. मग तडजोड झाली आणि आपखुशीने ठसे द्यायला गांधीजी तयार झाले, तर १० फेब्रुवारी १९०८ रोजी मीर आलम नावाच्या पठाणाने याच रागातून त्यांना रस्त्यात मारलं. जखमी गांधीजींनी त्याच्यावर खटला भरू नका असं सांगितलं आणि ठसेही दिले. सरकारने शब्द फिरवला, तेव्हा त्याच वर्षी १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपाशी लोकांनी नोंदणीचे दाखले जाळले. ठसा तोच, पण माणूस बघून सक्ती केली तर अपमान, आणि समजून दिला तर व्यवहार.

व्हिसासाठी ठसे घेण्याने जोर धरला तो ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. अमेरिकेने २००३ मध्ये वकिलातींतून ते घ्यायला सुरुवात केली, आधी दोन बोटांचे, पुढे दहा. जर्मनी ज्या शेंगेन गटात आहे, त्या देशांनी भारतात ही पद्धत २ नोव्हेंबर २०१५ पासून आणली. एकाच माणसाने दोन नावांनी अर्ज करू नये, एकाच्या व्हिसावर दुसऱ्याने जाऊ नये, हा हेतू. त्यात बहुतेक सगळे अर्जदार आले, प्राध्यापक आणि पुढारीसुद्धा.

बोटांवरच्या रेघा आईच्या पोटातच तयार होतात. जुळ्यांच्याही सारख्या नसतात. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, एवढं संगणक टिपतो. चेहऱ्याच्या फोटोवरून डोळे, नाक, हनुवटी यांची ठेवण मोजतो. आपाला वाटलं होतं, डोक्यावरची ओढणी काढायला लावतील. तसं नाही. धर्मामुळे डोकं झाकलेलं चालतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा हवा.

या सगळ्यातून यंत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : हा माणूस तोच आहे का? तो कसा आहे, हे त्याला कळत नाही. आणि 'तोच' म्हणण्यातही चूक होते. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड या वकिलाला अटक केली. संगणकाने जुळती म्हणून काढून दिलेल्या ठशांत त्याचा एक होता, आणि हा त्याचाच, असा निकाल तज्ज्ञांनी दिला. मेफिल्ड मुसलमान झालेला होता. दोन आठवड्यांनी स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचा असल्याचं दाखवलं. एफबीआयने माफी मागितली, २००६ मध्ये २० लाख डॉलर भरपाई दिली गेली. म्हणून यंत्रामागचा माणूस शंका घ्यायला तयार असला पाहिजे. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हे जरा जास्तच जाणवतं.

ज्यांचे ठसे उठत नाहीत, त्यांनी ओशाळू नये. विटा वाहून, धुणीभांडी करून, वयाने किंवा औषधानेही रेघा पुसट होतात. २००८ मध्ये सिंगापूरच्या एका कर्करुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं. औषधाने त्याच्या बोटांवरच्या रेघा गेल्या होत्या. तेव्हा अडचण आधीच सांगा, औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. जाण्यापूर्वी बोटांना मेंदी लावू नका, कापलं-भाजलं असेल तर जखम भरू द्या. ठसे देणं शरीराने शक्यच नसेल, तर शेंगेनच्या नियमांत सूट आहे. एकदा दिलेले ठसे तिथे ५९ महिने पुढच्या अर्जालाही चालतात.

आपाची बोटं शेवटी ओल्या रुमालाने पुसून, थोडं थांबून पुन्हा ठेवली, तेव्हा उमटली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "गुन्हा नाही आपा, तू तूच आहेस का, एवढंच विचारलं त्यांनी." ती म्हणाली, "मग तेवढं आधी सांगायचं ना त्या पोरीने!"

खरं आहे. काचेवर बोटं ठेवायला सांगण्याआधी तेवढं एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं. जर्मनीत पोहोचलो त्या रात्री आपा नातवाची बोटं दिव्याखाली धरून बसली होती. त्याची चक्रं सहा निघाली.